रागसंग्रह आणि खिशातला आयपॉड : प्रकल्प नोंदी

९ नोव्हेंबर २०२४

आज मोजदाद पूर्ण झाली. बाबांच्या कपाटात ४१२ सीडी आणि २३६ कॅसेट आहेत. सर्व सीडी गेल्या दोन वर्षांत मी फ्लॅक स्वरूपात संगणकावर उतरवल्या आहेत आणि कॅसेटपैकी ९६ उतरवून झाल्या आहेत. सीडीवरचा एक तासाचा ध्वनी जसाच्या तसा ठेवला तर सुमारे ६३५ एमबी जागा लागते; फ्लॅक काहीही न गमावता ती साधारण निम्म्यावर आणतो. त्या हिशेबाने सीडींचा फोल्डर १३८ जीबीचा झाला आहे. कॅसेट मी २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर उतरवते. त्यांच्या ऐकण्यासाठी केलेल्या १६ बिट प्रती ३४ जीबी भरतात. एकूण १७२ जीबी. उरलेल्या १४० कॅसेट झाल्यावर हा आकडा २२० च्या घरात जाईल.

संग्रह मुख्यतः ख्यालगायनातल्या जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायकीचा आहे. या घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात राहिले, आणि आमच्या घरात हे गाणे आले ते गावाच्या त्या वारशातूनच. केसरबाई, मोगूबाई, मल्लिकार्जुन मन्सूर, किशोरीताई यांच्या जोडीला कुमार गंधर्व, भीमसेन आणि वसंतराव देशपांडेही भरपूर आहेत. शिवाय बाबांनी आकाशवाणीवरून शनिवारी रात्रीचे राष्ट्रीय संगीत कार्यक्रम वर्षानुवर्षे कॅसेटवर घेतले, आणि त्या कॅसेट आज संग्रहातला सर्वांत मोलाचा भाग आहेत.

आता हे सगळे बाबांच्या हातात द्यायचे आहे. रंकाळा तलावावर फिरायला जाताना त्यांना ऐकायचे असते. मोबाइलवर वारंवार येणारे निरोप त्यांना नको आहेत आणि इंटरनेटवरून ऐकताना मध्येच थांबणारा आलाप तर नकोच. कपाटात २००६ सालचा ८० जीबीचा आयपॉड पडून आहे. त्याच्या हार्ड डिस्कमधून टक्‌टक् असा आवाज येऊ लागला आहे, पण चक्राची कळ आणि पडदा उत्तम आहेत. तोच दुरुस्त करून वापरायचा, असे ठरवले.

१६ नोव्हेंबर २०२४

आयपॉडच्या मूळ प्रणालीत फ्लॅक वाजत नाही, आणि त्यातील सूची मुख्यतः कलाकार, अल्बम आणि गाणे या तीन पायऱ्यांवर उभी आहे. ख्यालगायनाला ही रचना लागू पडत नाही, हे मला सीडी उतरवतानाच कळून चुकले होते. आमच्याकडे कोणी "अमुक अल्बम लाव" असे म्हणत नाही. "नायकी कानडा लाव", "दुपारचे काहीतरी लाव" असे म्हणतात. अल्बमचे नाव कंपनीने दिलेले असते, आणि एकच ध्वनिमुद्रण तीन वेगवेगळ्या नावांच्या सीडींवर निघालेले मी पाहिले आहे. तेव्हा सूचीचे मूळ राग आणि वेळ हेच असले पाहिजे, कलाकार त्याखाली आणि अल्बम सर्वांत शेवटी.

त्यासाठी रॉकबॉक्स ही मुक्त प्रणाली निवडली. २००१ च्या सुमारास एका वेगळ्याच प्लेयरसाठी सुरू झालेले हे काम स्वयंसेवकांनी पुढे अनेक उपकरणांपर्यंत नेले. माझ्या दृष्टीने तिचे दोन गुण निर्णायक ठरले : ती फ्लॅक वाजवते, आणि तिच्या सूचीची रचना एका साध्या मजकुराच्या फाइलीत आपल्याला हवी तशी लिहिता येते.

ओपस या, काही तपशील गाळून फाइल लहान करणाऱ्या स्वरूपात रूपांतर करावे का, याचाही विचार केला. १२८ केबीपीएसला तासाला ५८ एमबीच लागले असते आणि सगळा संग्रह ३० जीबीत मावला असता. परंतु या जुन्या प्रोसेसरला फ्लॅक उलगडणे ओपसपेक्षा पुष्कळ सोपे जाते, त्यामुळे बॅटरीवर ताण कमी येतो. मोठे कार्ड बसवणार असल्याने जागेची काटकसर करण्याचे कारण उरत नाही. शिवाय दोन स्वरूपांचे दोन संग्रह ठेवले की चूक एका जागी दुरुस्त होते आणि दुसरीकडे राहून जाते.

२३ नोव्हेंबर २०२४

आयपॉड उघडला. मागचे चकचकीत धातूचे झाकण आतल्या बारीक आकड्यांनी पुढच्या भागात अडकलेले असते. गिटारची पातळ प्लॅस्टिकची नखी फटीत सरकवून एकेक आकडा सोडवत गेले. या कामाला पाऊण तास लागला आणि झाकणाच्या एका कडेला थोडा पोचा आला. झाकण एकदम उचलायचे नसते, कारण बॅटरीची पट्टी आणि हेडफोनच्या खाचेची पट्टी या दोन्ही त्याला जोडलेल्या असतात. बॅटरीच्या पट्टीला सर्किट-बोर्डावर एक तपकिरी रंगाचे खिटीसारखे कुलूप आहे. चिमट्याच्या टोकाने ते वरच्या दिशेने केवळ केसभर उचलायचे असते. जास्त उचलले तर ते तुटते आणि मग ते पुन्हा बसवता येत नाही. श्वास रोखून ते उचलले आणि पट्टी सहज बाहेर आली.

जुनी १.८ इंची डिस्क काढून त्या जागी मेमरी कार्ड बसणारा ॲडॅप्टर लावला. डिस्कभोवतीचे निळे रबर काढून टाकल्यावर आत बरीच मोकळी जागा राहते. ॲडॅप्टर हलू नये म्हणून तिथे स्पंजचा तुकडा भरला. वजन इतके कमी झाले की बाबांनी हातात घेताच विचारले, "अगं, आतलं सगळं काढून टाकलंस की काय?"

१ डिसेंबर २०२४

आठवडा वाया गेला. शहरातल्या एका दुकानातून आणलेले २५६ जीबीचे कार्ड खोटे निघाले.

दोष लगेच लक्षात आला नाही, आणि धोका नेमका तिथेच आहे. सर्व फाइली कोणतीही तक्रार न येता उतरल्या, सूचीत सर्व नावे दिसू लागली, पहिल्या काही मैफली व्यवस्थित वाजल्या. परवा बाबांनी सांगितले की मन्सूरांचा बिहागडा लावला तर वेळ पुढे सरकते, पण आवाज येत नाही. फ्लॅकच्या प्रत्येक फाइलीत मूळ ध्वनीची एमडी-५ खूण साठवलेली असते आणि फ्लॅकच्याच चाचणी-आज्ञेने ती ताडून पाहता येते. सगळ्या कार्डावर ही चाचणी रात्रभर चालवली. अकारविल्हे उतरवलेल्या फोल्डरांपैकी पहिला सुमारे तिसरा हिस्सा निर्दोष होता. त्यापुढची प्रत्येक फाइल नावापुरतीच होती. मग संपूर्ण कार्ड भरून परत वाचणाऱ्या चाचणीने खात्री केली : कार्डाची खरी क्षमता ६४ जीबी आहे आणि त्याच्या नियंत्रकाला संगणकापुढे २५६ असे सांगायला लावले आहे.

हा अनुभव नोंदवून ठेवण्याचे कारण असे की, माझ्याकडे मूळ प्रती संगणकावर होत्या म्हणून नुकसान केवळ वेळेचे झाले. कोणी कॅसेट थेट अशा कार्डावर उतरवून नंतर कॅसेट टाकून दिली असती, तर ते गाणे कायमचे गेले असते. येथून पुढे नियम असा : कोणतेही नवे कार्ड पूर्ण भरून व वाचून तपासल्याशिवाय वापरायचे नाही, आणि प्रत उतरवल्यावर फ्लॅकची चाचणी कार्डावरच्या फाइलींवर करायची, संगणकावरच्या नव्हे.

८ डिसेंबर २०२४

नवे कार्ड आले, तपासले, खरे आहे. संगणक २५६ ऐवजी २३८ जीबी दाखवतो, तो मात्र मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे. कंपनी हजाराने गुणते आणि संगणक १०२४ ने. म्हणजे उरलेल्या १४० कॅसेट आल्यावर माझ्या हाती १८ जीबी शिल्लक राहणार आहेत.

रॉकबॉक्सला फॅट-३२ लागते. मॅकवरून आयपॉड पूर्ववत केला तर वेगळी रचना तयार होते, म्हणून ते काम विंडोजवर केले. फॅट-३२ मध्ये फाइलीच्या नावात विसर्गासारखे दिसणारे अपूर्णविरामाचे चिन्ह, प्रश्नचिन्ह आणि अवतरणचिन्ह चालत नाही, त्यामुळे "यमन : विलंबित" अशी माझी सर्व नावे बदलावी लागली. नावातल्या बदलाने काही बिघडत नाही, कारण सूची फाइलीच्या नावावर चालत नसून आतल्या टॅगवर, म्हणजे फाइलीत साठवलेल्या माहितीच्या नोंदींवर चालते.

२२ डिसेंबर २०२४

दोन आठवडे केवळ टॅगवर गेले आणि हे काम अजून बरेच दिवस चालेल.

सीडी उतरवताना इंटरनेटवरच्या सूचींतून आपोआप आलेली माहिती जवळजवळ सगळी टाकून द्यावी लागली. सीडी ओळखली जाते ती तिच्यावरच्या ट्रॅकच्या संख्येवरून आणि लांबीवरून. दहा-बारा गाण्यांच्या सीडीला ही ओळख पुरते, पण ख्यालाच्या सीडीवर दोन-तीनच ट्रॅक असतात आणि तेव्हा भलत्याच सीडीशी जुळणी होते. माझ्याकडे मोगूबाईंची एक सीडी कित्येक महिने कोणा युरोपीय वाद्यवृंदाच्या नावाने पडून होती. जिथे जुळणी बरोबर झाली तिथेही रागाचे नाव, ताल, लय आणि कधी कधी कलाकार हे सगळे एकाच शीर्षकात कोंबलेले होते.

मूळ संग्रहातील फ्लॅकमध्ये आपल्या मनाजोगते खाने निर्माण करता येतात, म्हणून तिथे राग, ताल, लय, प्रहर, गायन, तबला, संवादिनी, सारंगी, तारीख, स्थळ आणि स्रोत असे स्वतंत्र खाने केले. रॉकबॉक्स मात्र ठरावीक खानेच वाचते. त्यामुळे कार्डावर जाणाऱ्या प्रतीत एक छोटी स्क्रिप्ट राग हा "समूह" या खान्यात, ताल "रचनाकार" या खान्यात आणि प्रहर "प्रकार" या खान्यात भरते. मूळ संग्रह शुद्ध राहतो आणि तडजोड फक्त खिशातल्या प्रतीत होते, ही विभागणी मला फार समाधानाची वाटते.

घराणे हा खाना आधी ठेवला होता, तो काढून टाकला. कुमार गंधर्वांसमोर काय लिहायचे, या प्रश्नाला बाबांपाशी उत्तर नव्हते आणि माझ्यापाशीही नव्हते. मन्सूर आधी नीळकंठबुवांकडे ग्वाल्हेरची तालीम घेऊन मग मंजी खाँ आणि बुर्जी खाँ यांच्याकडे शिकले; एका शब्दात ते बसवले तर निम्मी गोष्ट पुसली जाते. त्याऐवजी "गुरू" असा खाना केला. त्यात एकाहून अधिक नावे लिहिता येतात आणि त्यांविषयी वाद होत नाही.

साथीदारांच्या खान्यांवर मी सर्वांत जास्त वेळ घालवला. सीडीच्या वेष्टनावर त्यांची नावे बारीक अक्षरांत असतात आणि अनेकदा नसतातच. अशा वेळी आकाशवाणीच्या कॅसेट उपयोगी पडल्या, कारण निवेदक सुरुवातीला राग, ताल आणि सर्व साथीदारांची नावे सांगतो. पूर्वी मी उतरवताना ही निवेदने कापून टाकत असे. आता ती सर्व परत जोडली आहेत. निवेदन हाच त्या ध्वनिमुद्रणाचा पहिला टॅग आहे, आणि तो त्याच वेळी, माहीतगार माणसाने लावलेला आहे. खाने भरल्यावर काय साधते हे अप्पा जळगावकरांच्या नावावर दिसले : त्यांची संवादिनी कोणकोणत्या गायकांबरोबर आहे ते एका हाकेसरशी समोर आले, आणि बाबा सबंध संध्याकाळ फक्त संवादिनीकडे कान लावून बसले.

रागांची नावे एकसारखी करणे हे वेगळे काम झाले. मालकंसाची रोमन लिपीत पाच निरनिराळी रूपे आणि देवनागरीत मालकंस, मालकौंस, मालकोश अशी तीन रूपे होती. मराठीत रूढ असलेले मालकंस ठेवले. संपूर्ण मालकंस हा मात्र वेगळा राग आहे. मालकंसात वर्ज्य असलेले रिषभ आणि पंचम त्यात येतात. सूचीत तो "स" खाली न जाता मालकंसाच्या शेजारी दिसावा म्हणून "मालकंस, संपूर्ण" असे लिहिले. हाच न्याय बिहागड्याला लावायला गेले तेव्हा बाबांनी अडवले : "बिहागडा बिहागाच्या पोटात घालू नकोस. कोमल निषाद लागला की घर बदललं." बसंती केदारसारख्या जोडरागांना दोन घरे असतात. त्यांचे नाव जसेच्या तसे ठेवून "केदार अंग" आणि "बसंत अंग" अशा स्वतंत्र याद्या केल्या, म्हणजे तो दोन्हीकडून सापडतो.

४ जानेवारी २०२५

पडद्यावर देवनागरी दिसावी, हा आग्रह माझा आहे आणि त्यासाठी तीन रविवार दिले.

देवनागरी असलेला फॉन्ट बसवल्यावर अक्षरे उमटली, पण रॉकबॉक्स अक्षरे फक्त ज्या क्रमाने साठवली आहेत त्या क्रमाने मांडते. आपल्या लिपीची जोडणी तिला येत नाही. ऱ्हस्व वेलांटी साठवताना व्यंजनानंतर येते आणि लिहिताना व्यंजनाआधी. त्यामुळे "बिहाग" चे "बहिाग" झाले, "पूरिया" चे "पूरयिा", आणि किशोरीताईंच्या नावाची "कशिोरी" झालेली पाहून तर मला फार वाईट वाटले. जोडाक्षरेही पाय मोडून सुटी दिसत होती.

सर्व नावे रोमन लिपीत ठेवणे हा सोपा मार्ग होता. परंतु रोमनमध्ये तोडी आणि टोडी यांतला फरक राहत नाही, श आणि ष यांचा राहत नाही, ल आणि ळ यांचा राहत नाही. आणि ज्यांनी आयुष्यभर वहीत "श्री", "ललिता गौरी" असे लिहिले त्यांना ते परक्या अक्षरांत वाचायला लावणे मला मान्य नव्हते.

उपाय शेवटी साधाच निघाला. कार्डावर जाणाऱ्या प्रतीत स्क्रिप्टने प्रत्येक ऱ्हस्व वेलांटी तिच्या व्यंजनाच्या आधी नेऊन ठेवायची. संगणकावर असा मजकूर चुकीचा दिसतो, पण जोडणी न जाणणाऱ्या पडद्यावर तो बरोबर दिसतो. "बिहाग" आता बिहाग असाच वाचता येतो. "मल्लिकार्जुन" मधला ल पाय मोडलेलाच दिसतो, "श्री" ही "श्‌री" अशी दिसते. ती उणीव चालवून घेतली आहे. लेखनाचा क्रम बदलल्याने सूचीतील अकारविल्हे क्रम बिघडेल अशी भीती होती, कारण वेलांटीने सुरू होणारी सर्व नावे एकत्र जाऊन शेवटी पडली असती. म्हणून प्रत्येक रागाच्या नावाआधी दोन अंकी क्रमांक घातला. संग्रहात ९४ राग आहेत, तेव्हा दोन अंक पुरतात. आता या क्रमांकांनीच बाबा राग लक्षात ठेवू लागले आहेत.

१९ जानेवारी २०२५

प्रहरांची सूची तयार झाली. तीन-तीन तासांचे आठ प्रहर, आणि प्रत्येकाखाली त्या वेळेचे राग. पहिल्या सकाळी भैरव, मग तोडीचे प्रकार, मध्यान्हीला सारंग, दुपारी भीमपलासी आणि मुलतानी, दिवेलागणीला श्री, पूर्वी, मारवा, रात्रीच्या पहिल्या प्रहरी यमन आणि भूप, मग बिहाग, बागेश्री, मध्यरात्रीकडे दरबारी आणि मालकंस, शेवटच्या प्रहरी सोहनी, ललत.

दोन ठिकाणी ही चौकट अपुरी पडली. मल्हाराचे प्रकार पावसाळ्यात कोणत्याही वेळी गायले जातात, तसेच बसंत आणि बहार हे वसंतातले. त्यांच्यासाठी "ऋतू" असा नववा विभाग केला. भैरवीची वेळ सकाळची खरी, पण ती येते मैफलीच्या शेवटी, मग मैफल रात्री संपो की पहाटे. भैरवी सकाळच्या विभागात घातली असती तर शास्त्र सांभाळले गेले असते आणि आमचा अनुभव हुकला असता. तिच्यासाठी दहावा विभाग केला आणि त्याला "समाप्ती" असे नाव दिले.

बाबा आता घड्याळ पाहून विभाग उघडतात. काल त्यांनी सांगितले की पंधरा वर्षांत न ऐकलेला एक गौड सारंग त्यांना भर दुपारी सापडला. तो कपाटातच होता. अल्बमच्या सूचीत तो शोधायचे कधी सुचले नव्हते.

९ फेब्रुवारी २०२५

विलंबित (संथ) आणि द्रुत (जलद) यांचे तुकडे जोडले. सीडीवर बडा ख्याल एका ट्रॅकवर आणि त्याच रागातला छोटा ख्याल दुसऱ्यावर असतो. क्रमाने ऐकताना त्याने बिघडत नाही, पण यादीतून काहीही उचलायला सांगितले की प्लेयर द्रुत आधी लावतो आणि मग भलत्याच गायकाचा आलाप. आधी रचलेला पाया नसताना तराणा ऐकणे क्लेशकारक असते. म्हणून एका रागाची एक बैठक म्हणजे एक फाइल, असे ठरवून सर्व जोडणी केली. मधल्या जागा सापडाव्यात म्हणून सोबत खुणांची क्यू फाइल ठेवली. २०८० फाइलींच्या १३३५ झाल्या. कॅसेटची बाजू संपल्याने जिथे तान मध्येच तुटते तिथे दोन सेकंदांची शांतता ठेवली आहे. ती जागा मिटवण्याचा प्रयत्न केला नाही, कारण तुटलेले तुटलेलेच ऐकू यावे.

फाइली लांब झाल्यामुळे ऐकणे जिथे थांबले तिथून पुढे सुरू होणे आवश्यक झाले. रॉकबॉक्समध्ये आपोआप खूण ठेवण्याची सोय आहे, ती चालू केली. रंकाळ्याच्या फेरीत अर्धा झालेला दरबारी रात्री त्याच जागेवरून सुरू होतो.

आवाजाची पातळी रिप्लेगेनने सारखी केली. नव्याने संस्कार केलेल्या सीडी जुन्या सीडींपेक्षा पुष्कळ मोठ्याने वाजतात आणि हेडफोन लावलेला असताना हा धक्का बाबांच्या कानांना सोसत नाही. प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे न मोजता पूर्ण सीडी एकत्र मोजली, म्हणजे एका मैफलीतला हलका ठुमरीचा भाग उगाच वर खेचला जात नाही. तीन मिनिटांच्या ७८ गतीच्या तबकड्यांवरून आलेली मुद्रणे तेवढी एकेक मोजली. त्यांच्या शेवटी कलावंत स्वतःचे नाव सांगतात, ते अर्थातच राखले आहे.

२ मार्च २०२५

आज एकच कॅसेट झाली, पण तिच्याबद्दल लिहिलेच पाहिजे. बाबांच्या मित्राने एका घरगुती मैफलीत घेतलेले हे मुद्रण. लावल्यावर आवाज कोंदट आणि गायिकेची पट्टी बाबांच्या आठवणीपेक्षा वर. कोंदटपणाचे कारण डेकचे हेड आणि मुद्रण करणाऱ्या यंत्राचे हेड यांच्या कोनातला फरक हे होते. हेडच्या बाजूचा बारीक स्क्रू पेचकसाने अगदी थोडा थोडा फिरवत गेले आणि कान तानपुऱ्यावर ठेवला. एका जागी तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा गुंजता नाद, एकाएकी उघडली, जणू कोणी मधला पडदा बाजूला केला, तिथेच थांबले.

पट्टीसाठी विजेच्या गुणगुणीचा आधार घेतला. ध्वनीच्या आलेखात दोन रेषा दिसत होत्या : एक बरोबर ५० हर्ट्झवर, ती माझ्या आजच्या डेकची, आणि दुसरी ५२ वर, ती त्या दिवशीच्या यंत्राची. वीज तेव्हाही पन्नासच्या आसपासच होती, म्हणजे कॅसेट सुमारे ४ टक्के जास्त वेगाने धावत होती आणि पट्टी शेजारच्या पट्टीकडे निम्म्याहून अधिक सरकली होती. विजेची वारंवारता अगदी स्थिर नसते, म्हणून या मोजमापाला शेवटचा शब्द मानले नाही. वेग कमी करून बाबांना ऐकवले. ते काही बोलले नाहीत, पुन्हा सुरुवातीपासून लावायला सांगितले. मूळ उतारा न बदलता ठेवला आहे आणि वेग बदललेल्या प्रतीत किती बदल केला ते "स्रोत" या खान्यात लिहिले आहे.

२३ मार्च २०२५

नाव नसलेल्या कॅसेट ४१ निघाल्या. निवेदनाच्या आधी कळ दाबायला काही सेकंद उशीर झाला असेल, किंवा वेष्टनावरचा कागद गळून पडला असेल. या प्रत्येकीचा राग ऐकूनच ठरवावा लागेल. स्वर शोधून देणारे एक साधन वापरून पाहिले आणि ते या कामाला पुरेसे नाही, हे पहिल्याच कॅसेटला कळले. पंचम वर्ज्य, रिषभ कोमल, मध्यम तीव्र, बाकी शुद्ध, एवढे त्याने बरोबर सांगितले. पण हेच सहा स्वर मारव्याचे आहेत, पूरियाचे आहेत आणि सोहनीचेही. मारवा रिषभ-धैवतावर उभा राहून षड्जाला दूर ठेवतो, पूरिया मंद्र सप्तकात गंधार-निषादांवर विसावतो, सोहनी तार षड्जाच्या आसपास वावरते. भूप आणि देशकार यांचेही पाच स्वर तेच. एक संध्याकाळनंतरचा, दुसरा सकाळचा. फरक कोणता स्वर लागला यात नसून तो कसा लागला आणि तिथे किती थांबले यात आहे.

म्हणून "निश्चिती" असा एक नवा खाना केला. छापील वेष्टनावरून घेतले असेल तर "छापील", निवेदनावरून असेल तर "निवेदन", ऐकून ठरवले असेल तर "श्रवण" आणि पुढे कोणी ठरवले ते. खात्री नसेल तिथे "संशय". हा खाना मी पहिल्याच दिवशी करायला हवा होता. आता मागच्या सर्व फाइलींसाठी तो नव्याने भरावा लागत आहे. माझ्यानंतर हा संग्रह ज्याच्या हाती जाईल, त्याला प्रत्येक नावावर किती विश्वास ठेवावा ते कळले पाहिजे.

नाव नसलेल्या सर्व कॅसेट क्रमांक घालून कार्डावरच्या वेगळ्या फोल्डरात ठेवल्या आणि तो फोल्डर सूचीत येऊ नये म्हणून त्यात दुर्लक्षाची खुणेची फाइल टाकली. बाबांच्या खिशात आयपॉडबरोबर आता एक छोटी वही आणि पेन्सिल असते.

६ एप्रिल २०२५

साठवण : मूळ संग्रह संगणकावर, एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर, दुसरी सांगलीला बहिणीकडे. आयपॉडमधील प्रत या हिशेबात धरलेली नाही. ती केव्हाही पुसून नव्याने करता यावी, असेच तिचे स्वरूप ठेवले आहे. दर तीन महिन्यांनी तिन्ही ठिकाणी फ्लॅकची चाचणी चालवायची. पहिली चाचणी काल झाली, एकही फाइल बिघडलेली नाही.

कॅसेट आता ११८ झाल्या. कार्डात ५८ जीबी मोकळे आहेत.

बाबांनी वहीतले पान फाडून दिले. ४१ पैकी २३ कॅसेटींसमोर राग लिहिला आहे आणि त्यांतील दोन ठिकाणी आधी लिहिलेले खोडून पुन्हा लिहिले आहे : क्रमांक ७ चा पूरिया खोडून मारवा केला, क्रमांक १९ चा भूप खोडून देशकार. क्रमांक ३० समोर फक्त "रायसा?" असे आहे. विचारले तेव्हा म्हणाले, "तुम्ही लोक लगेच लिहून मोकळे होता. मला आणखी दोनदा ऐकू दे." बावीस नावे आज भरली, निश्चिती "श्रवण, बाबा". तिसाव्या क्रमांकासमोर "संशय" लिहून ठेवले आहे.